झोपलेल्यांची पेटी

१

डोळे तुमच्या सरकारी कार्यालयानं मिटले. तीस मेलेल्या माणसांचे, एका दमात. आणि वरून वर्ध्याच्या सभागृहात झेंडूच्या माळा सोडून फोटोंच्या प्रदर्शनाची पाटी टांगली, ‘आठवणींचा जिल्हा’. कुणाच्या आठवणी, हे विचारायची तसदी तुमच्यातल्या एकानंही घेतली नाही. प्रत्येक फोटोखाली एकच मजकूर: अज्ञात व्यक्ती. अज्ञात तुम्हाला. ज्यांच्या घरात त्या फोटोला रोज हात जोडले जातात, त्यांना विचारलं असतं तर नाव, गाव, कोणत्या तापानं गेला, आणि जाताना कुणावर रुसून गेला, इथपर्यंत सांगितलं असतं.

ते राहू द्या. त्या दिवशी काय झालं ते ऐका.

गिरडकडचं एक कुटुंब आलं होतं. त्यांच्या घरात पन्नास वर्षं टक्क उघड्या डोळ्यांनी बघणारे आजोबा त्यांना तुमच्या भिंतीवर सापडले. तोच फेटा, तीच मिशी. पण डोळे मिटलेले. आणि मिटल्या पापण्यांच्या मधोमध दोन काळे ठिपके, जणू कुणी दाभणानं भोक पाडून आतला अंधार बाहेर घेतला होता. घरच्या सुनेनं पदर डोळ्यांवर ओढला. तिच्या नवऱ्यानं चपला हातात घेतल्या आणि मागं मागं सरकत दारापर्यंत गेला. त्या फोटोकडे पाठ करायची त्याची छाती झाली नाही.

तासाभरात सभागृहभर कुजबुज पसरली. बुडे, घरचे वाडवडील, रागावले. घरातून काढून इथं टांगलं म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. तुमचे साहेब माइकवर आले, ‘संगणकीय त्रुटी’ म्हणाले आणि चहाला गेले.

त्या गर्दीत कोकिळाबाई भोयर होती. वय अडुसष्ट, अल्लीपूरहून एसटीनं आलेली, आमंत्रण नसलेली. दोनच महिन्यांपूर्वी सावंगीच्या दवाखान्यात तिचा मोतीबिंदू काढला होता, त्यामुळं तिला आता सगळं नको तितकं स्वच्छ दिसत होतं. ती रांगेनं चालत होती आणि प्रत्येक फोटोपुढं थांबून हलक्या आवाजात नाव घेत होती. हा वायगावचा लक्ष्मण. ही त्याची धाकटी भावजय. हा देवीत गेलेला नथ्थू. तुमचे तीसही अज्ञात त्या बाईला तोंडपाठ होते. शेवटाला पोचली, परत फिरली, पुन्हा मोजले. तीस.

एकतीस पाहिजे होते.

मागून कुणीतरी हाक मारली. पस्तिशीचा माणूस, पेशानं मास्तर, अश्वजित थूल. हातातल्या मोबाइलवर घरच्या भिंतीवरच्या फोटोचा फोटो होता. तो म्हणाला, मावशी, तुम्हाला सगळ्यांची नावं ठाऊक दिसतात, मग माझी आजी कुठं टांगली ते दाखवा. सीताबाई थूल. हे फोटो ज्या पेटीतले, तिच्यातच होती, असं आमच्या घरात सांगतात.

कोकिळाबाईनं मोबाइलकडं पाहिलं. मोबाइलमधल्या बाईनं तिच्याकडं पाहिलं.

“मले नाई माहीत,” ती म्हणाली. आयुष्यात इतकं खोटं ती आजवर एकदाच बोलली होती, आणि तेव्हाही ह्याच बाईबद्दल.

२

आता थोडं मागं जावं लागेल, नाहीतर ठिपक्यांचं कोडं कळायचं नाही.

हिंगणघाटला सदाशिवरावांचा मिलन फोटो स्टुडिओ होता. त्या काळी खेड्यातला माणूस जन्मभर फोटो काढत नसे; फोटोनं आयुष्य घटतं म्हणत. मग तो मेला की घरच्यांना हुरहूर लागायची, आता ह्याचं तोंड कुठं पाहायचं. तिरडी बांधून होईतो सायकलवर माणूस धाडायचा. सदाशिवराव कॅमेरा नि तिपाई घेऊन यायचे. मेलेल्याला भिंतीशी टेकवून बसवायचं, चादरीच्या आडून कुणीतरी पाठीला हात लावून धरायचं, आणि कॅमेऱ्यातल्या काचेवर तो उमटवायचा. फिल्म महाग होती, काचा होत्या. अशा काचा वेगळ्या पेटीत राहत. स्टुडिओत तिला झोपलेल्यांची पेटी म्हणत.

पण मिटल्या डोळ्यांचा फोटो घरात लावत नाहीत. म्हणून काच कोकिळेकडं यायची. सोळाव्या वर्षापासून तिचं हेच काम, काचेवर मेलेल्यांचे डोळे उघडणं. काचेवर सगळं उलटं असतं. जिथं पेन्सिल भरली तिथं फोटोत पांढरं येतं, जिथं सुरीनं खरवडलं तिथं काळं. घरातलं कुणी जिवंत माणूस स्टुलावर बसवायचं आणि त्याचे डोळे पाहून मेलेल्याचे करायचे. पांढरा भाग पेन्सिलीनं, बुबुळ सुरीच्या टोकानं. एकतीस माणसांना तिनं असं जागं केलं होतं.

म्हणून ते काळे ठिपके पाहिल्याबरोबर तिला कळलं. ना भूत, ना संगणक. पेन्सिल गेली होती आणि सुरीचं काम राहिलं होतं. खरवडलेलं कशानं जात नाही. पेन्सिल जाते, धुतली तर.

सभागृहाच्या कोपऱ्यात नागपूरचा धनंजय बसला होता, काचांवरून संगणकात फोटो उतरवायचा ठेका त्याचा. चेहरा उतरलेला. कोकिळाबाई सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली, अश्वजित मागोमाग. काचा धुतल्यास का, तिनं विचारलं. पोरगा वाईट नव्हता. तो घाईघाईनं सांगू लागला की मळ फार होता, आणि चमत्कारिक गोष्ट म्हणजे बाकी काच स्वच्छ, पण नेमका चेहऱ्यांवरच राखाडी मळ. नियमावलीत लिहिलंय तसं आधी स्पिरिटनं पुसल्या, मग पाण्यातून काढल्या.

“तो मळ नोहता बाबू,” कोकिळाबाई म्हणाली. “ते त्यायचे डोये होते.”

धनंजयनं खुर्ची पुढं ओढली. मग त्यानं आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“काकू, मग अजून एक सांगतो. हसू नका. एका काचेतून रक्त निघालं.”

शनिवारची दुपार. कार्यालयाच्या मागच्या खोलीत तो ट्रेमध्ये एकेक काच धूत होता. एक काच पाण्यात सोडली आणि तिच्या मधल्या भागातून लाल धार सुटली. बघता बघता सगळं पाणी तांबडं झालं. तो ओरडलाच. साहेब धावत आले, शिपाई आला, साहेबांकडं चहाला बसलेले प्रदर्शनाच्या समितीचे सदस्य कैलासभाऊ आले. चौघं त्या ट्रेभोवती उभे राहून लाल पाणी बघत राहिले. नंतर त्यानं सगळ्या काचा वाळायला उभ्या लावल्या, खोलीला कुलूप लागलं, आणि सोमवारी येऊन संगणकात उतरवल्या. मोजल्या होत्या का? नाही. जितक्या होत्या तितक्या.

लाल रंगाची एक शाई स्टुडिओत असायची. पेन्सिलीनं भागत नसेल, फार गडद काही झाकायचं असेल, तर ब्रशानं लावायची; पाण्यात ती सुटते. कोकिळाबाईनं ती अख्ख्या पेटीत एकाच काचेला लावली होती.

३

हिंगणघाटचा स्टुडिओ आता स्टुडिओ राहिलेला नाही. पुढच्या खोलीत मोबाइलची कव्हरं विकतात, आणि मागच्या खोलीत सदाशिवरावांची विधवा शकुंतलाबाई खाटेवर बसून असते. काचा कार्यालयाला तिनंच दिल्या. पावतीवर तुमच्या लोकांनी लिहून दिलं होतं: ‘जुन्या काचा, पेटी एक’. आत किती, ते नाही. बटाटे घेताना माणूस ह्यापेक्षा जास्त चौकशी करतो.

कोकिळाबाईला बघून म्हातारीच्या कपाळाला आठी पडली. एकतिसावी काच तू ठेवून घेतली नाहीस ना, असा प्रश्न तिनं चेहऱ्यावरूनच ओळखला आणि विचारण्याआधी उत्तर दिलं. मालक मरताना म्हणाले होते की त्या पेटीतली एक काच नदीत सोड. कोणती, ते सांगायच्या आत वाचा गेली, पण तिनं ओळखलं होतं. तीन वर्षं पेटी खाटेखाली होती, आणि तिला कधी नीट झोप लागली नाही. वाटायचं, खालून कुणी बघतंय. कार्यालयाची गाडी आली तेव्हा पेटी न उघडता देऊन टाकली. जाऊ दे ब्याद.

कोकिळाबाईनं मान डोलावली. म्हातारी खरं बोलत होती. लाल पाणी वर्ध्यात निघालं, म्हणजे काच वर्ध्याला पोचली होती. म्हणजे हिंगणघाटातून ती कुणी काढली नव्हती. ती धुतल्यावर गेली. शनिवारची दुपार ते सोमवारची सकाळ, तेवढ्या वेळात.

ती उठली तशी शकुंतलाबाईनं तिचा पदर धरला.

“काच कोणं नेली ते शोधून राह्यली तू. लय चांगलं. पण त्या काचेवर गळा कोणं झाकला, हे कवा सांगशीन तानाबाईले?”

बाहेर अश्वजित उभा होता. त्यानं ऐकलं. तानाबाई त्याची आत्या, सीताबाईची मुलगी.

४

एसटीतून उतरून थुलांच्या गावात शिरताना अश्वजित एवढंच म्हणाला की जे काय आहे ते आत्यासमोर सांगा, मला एकट्याला नको.

तानाबाई साठीची, कापूस वेचून वेचून बोटं करवतीसारखी झालेली. घरात बुद्धाची तसबीर, बाबासाहेबांची तसबीर, आणि त्यांच्या खाली सीताबाई. कोकिळाबाईनं वर पाहिलं, मग समोर पाहिलं. दोन्हीकडं तेच डोळे. साहजिक होतं. आठ वर्षांच्या तानीला स्टुलावर बसवून तिचेच डोळे तिनं आईला दिले होते. एकावन्न वर्षं ही बाई भिंतीवरच्या आपल्याच डोळ्यांपुढं जेवत होती.

कोकिळाबाईनं पाणी घेतलं नाही. उभ्यानंच सांगितलं.

त्र्याहत्तर साल, दुष्काळ. गावात एकाच विहिरीला पाणी, ती गावच्या जमीनदाराची, मालगुजार डोमाजीची. बौद्धवाड्यातल्या बायांनी तिथं जायचं नाही असा दंडक. सीताबाई गेली. दुसऱ्या दिवशी त्याच विहिरीत तिचं प्रेत सापडलं. पाय घसरला, म्हणाले. आणि फोटोवाला बोलावला कुणी? थुलांच्या घरी सायकल नव्हती, माणूस कुठला धाडणार. डोमाजीनं स्वतःची बैलगाडी पाठवून सदाशिवरावांना आणलं. पैसेही त्यानंच दिले, म्हणून काचेच्या कडेला ‘डोमाजी मालगुजार’ असं नाव खरवडून ठेवलेलं होतं. गावानं वाहवा केली, मालगुजाराचं काळीज मोठं म्हणून.

काच कोकिळेपुढं आली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. गळ्यावर बोटं उमटलेली होती. एका बाजूला चार, दुसऱ्या बाजूला एक. सदाशिवराव म्हणाले, डाग काढून टाक, घरच्यांना पाहवत नाही. प्रत्येक काचेबद्दल ते असंच म्हणत. देवीचे व्रण काढ, ओठावरचा फेस काढ. मेलेलं माणूस साफसूफ दिसलं पाहिजे, ही धंद्याची रीत. मालगुजारानं त्यांना काही सांगितलं होतं का? ते तिला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. तिनं पेन्सिल भरली. बोटं दिसतच राहिली. मग लाल शाई लावली.

“दिसत होतं मले,” ती म्हणाली. “दिसत होतं, तरी झाकलं.”

तानाबाई रडली नाही, अंगावर आली नाही. तिनं सुपातली तूर बाजूला ठेवली. मग आपली बाजू सांगू लागली, जणू खूप दिवसांनी कुणी विचारायला आलं होतं. आईला आंघोळ घालताना ती काकूच्या बाजूला होती. गळा तिनं पाहिला होता. बाप ठाण्यावर गेला, तक्रार घेईनात. तेवढ्यात फोटो आला. बापानं तो छातीशी धरून पुन्हा ठाण्यावर नेला, जिल्ह्यातला पहिलाच असेल जो मेलेल्या बायकोला साक्षीला घेऊन गेला. जमादारानं फोटो उजेडात धरला, गळ्यावर बोट फिरवलं आणि विचारलं, कुठी हाय डाग? गळा तर साफ हाय.

“माहा बाप मरेपर्यंत त्या फोटोकडं पाठ करून जेवला,” तानाबाई म्हणाली. “अन् मले वाटे, मीच खोटी. आठ वर्साची पोट्टी, पाह्यलं असन भलतंच.”

अश्वजित दारात उकिडवा बसला होता, तोंड फिरवून.

कोकिळाबाई पाया पडायला वाकली तशी तानाबाईनं पाय मागं घेतले.

“माफी नको मले. काच आण.”

५

आता संशय कुणावर जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. कैलास डोमाजीचा नातू. कैलास समितीवर. लाल पाणी निघालं तेव्हा कैलास ट्रेपाशी उभा. अश्वजितचं डोकं तर त्याच्याच नावानं तापलं होतं. कोकिळाबाईनं त्याला बजावलं, तू बोलू नको, मी बोलते.

अल्लीपुरात बाजाराच्या तोंडाशी कैलासचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. त्यानं दोघांना खुर्च्या दिल्या, चहा सांगितला, आणि सीताबाईचं नाव निघताच दुकानातल्या गिऱ्हाईकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं. हे काही निर्दोष माणसाचं लक्षण वाटत नव्हतं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. आजा त्याच्या जन्माआधी मेला. घरात त्या विहिरीविषयी कुणी अक्षर काढत नाही. लाल पाणी त्यानं पाहिलं, तो तसाच गाडी काढून घरी आला. पुन्हा कार्यालयात पाय ठेवला तो उद्घाटनालाच. खोलीची किल्ली? ती साहेबांच्या खिशात असते, शिपायालाही मिळत नाही.

“कैलासभाऊ,” अश्वजितला राहवलं नाही, “तुमच्या आज्यानं माह्या आजीचा गळा दाबला.”

कैलासनं चहाचा कप खाली ठेवला. तराजूचं डुलतं पारडं हातानं थांबवलं.

“माही माय लगन होऊन आली तवापासून त्या विहिरीचं पाणी पेत नाई,” तो म्हणाला. “काऊन पेत नाई, हे इचाराची माही कवा हिंमत नाई झाली. आता तूच सांगतलं.”

मग त्यानं एक गोष्ट सांगितली, ती न सांगता त्याचं काही अडलं नसतं. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला होता. निर्धास्त या, म्हणाले, तुमच्या घराण्याला त्रास होईल असं भिंतीवर काही ठेवलेलं नाही. कैलासनं विचारलं, कसला त्रास? साहेब नुसते हसले.

दुकानातून निघताना अश्वजित म्हणाला, हा साहेबावर ढकलून मोकळा होतोय, मावशी. चोराच्या उलट्या बोंबा. दोघांपैकी एक खोटा होता, आणि कोणता ते दाखवणारी एकच वस्तू होती, तीच नाहीशी झाली होती.

६

अश्वजितनं माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला होता. पेटीत काचा किती आल्या, भिंतीवर लागल्या किती, उरलेलीचं काय झालं. तेविसाव्या दिवशी उत्तर आलं. तो शाळेतून परस्पर कोकिळाबाईकडं आला आणि ओसरीवर उभ्या उभ्याच त्यानं पाकीट फाडलं.

सगळं संपलं होतं. पत्रात लिहिलं होतं की प्राप्त काचा एकतीस. त्यांपैकी एक, ‘डोळे मिटलेल्या स्त्रीची प्रतिमा असलेली काच’, कार्यालयास फुटलेल्या अवस्थेतच प्राप्त झाली. सबब तिची स्वच्छता करता आली नाही व ती न धुताच नष्ट करण्यात आली. खाली साहेबांची लफ्फेदार सही.

अश्वजित पायरीवर बसला. फुटली, तो म्हणाला. आता आत्याला काय सांगू? पुन्हा एकदा गळा साफ आहे म्हणून सांगू?

कोकिळाबाई शेंगा सोलत होती. हात थांबले.

“परत वाच,” ती म्हणाली.

त्यानं वाचलं.

“सगळं नाई. काच कशी होती, तेवढंच.”

“डोळे मिटलेल्या स्त्रीची प्रतिमा असलेली काच.”

“अन् धुतली का नाई धुतली?”

“न धुताच नष्ट.”

कोकिळाबाई उठली. आत जाऊन धड लुगडं नेसून आली आणि पायात चपला सरकवल्या.

“चाल. तुह्या आत्यालेही घे. अन् त्या कैलासले फोन लाव, येजो म्हणा. तो खोटा नाई.”

७

साहेबांच्या टेबलाला वरून काच बसवलेली होती, तिच्याखाली देवाची तसबीर, आणि समोर पाच माणसं. कोकिळाबाई, तानाबाई, अश्वजित, कैलास आणि नागपूरहून आलेला धनंजय. साहेबांनी आधी वेळ नाही म्हटलं. कैलासला पाहून वेळ निघाला.

कोकिळाबाईनं पत्र टेबलावर ठेवलं. बोलताना तिचा आवाज चढला नाही. तिनं विचारलं, ही सही तुमचीच ना? साहेब म्हणाले, अर्थात. ह्यातलं वर्णन तुम्हीच लिहिलं? वस्तुस्थिती लिहिली, साहेब म्हणाले, मयत बाईचा फोटो, डोळे मिटलेलेच असणार.

“तेच तुमचं चुकलं,” ती म्हणाली. “माह्या पेटीत मिटलेल्या डोयाचं कोणी नोहतं. म्या एकतिसायचे डोये उघडले होते. काच न धुतलेली असती, तर तुमाले ती बाई टक्क पाहत दिसली असती.”

धनंजयनं पुढचं सांगितलं, थोडं अडखळत. साहेब, डोळे मिटलेले दिसले म्हणजे स्पिरिट फिरल्यानंतर दिसले. स्पिरिट मी शनिवारी फिरवलं, ह्याच कार्यालयात, आणि फुटलेली एकही काच माझ्या हातात आली नव्हती. लाल पाणी तर तुम्हीही पाहिलं. अश्वजितनं मोबाइल काढून पत्राचा फोटो पुन्हा एकदा घेतला, उगाच, हाताला काहीतरी काम म्हणून.

साहेब कैलासकडं पाहू लागले, जणू आता त्यानं काहीतरी बोलून सोडवावं. कैलास म्हणाला, माझ्याकडं नका पाहू. मी नेली असती तर तुम्ही ‘हरवली’ लिहिलं असतं, पोलिसात दिलं असतं. फुटलेली आली, असं माणूस तेव्हाच लिहितो जेव्हा ती कुठं आहे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

मग साहेबांनी खुर्ची मागं सरकवली. आवाज मऊ झाला. शाई गेलेली काच ट्यूबलाइटसमोर धरून त्यांनी गळ्यावरची बोटं आणि कडेचं नाव पाहिलं होतं, हे ते बोलले नाहीत, पण नाकारलंही नाही. म्हणाले, हे बघा, आपण सगळे समजूतदार आहोत. पन्नास वर्षं होऊन गेली. आरोपी हयात नाही. गावात आज दोन्ही समाज गुण्यागोविंदानं नांदतायत. एका फोटोवरून तेढ निर्माण झाली तर जबाबदार कोण? मी काही कुणाच्या सांगण्यावरून केलेलं नाही. झोपलेल्यांना झोपू द्यावं.

कुणाच्या सांगण्यावरून नाही. हे मात्र खरं होतं, आणि तेच कोकिळाबाईला जास्त बोचलं. डोमाजीची बैलगाडी तरी आली होती. ह्या माणसाकडं कुणी गाडी पाठवली नाही, कुणी दरडावलं नाही, कुणी शब्द टाकला नाही. आपणहून, नुसत्या सवयीनं, त्यानं काच उचलली. जशी तिनं सतराव्या वर्षी नुसत्या सवयीनं लाल शाई उचलली होती. टेबलावरच्या काचेत तिला साहेबांचा चेहरा दिसला आणि त्याच्या शेजारी आपला.

तिनं पिशवीतून एक कागद काढला. सकाळी अश्वजितकडून लिहून घेतलेला, खाली तिची सही. मी, कोकिळा भोयर, सीताबाई थूल हिच्या गळ्यावर बोटांचे पाच वण काचेवर पाहिले आणि ते माझ्या हातानं झाकले. त्या फोटोवरून ठाण्यानं तक्रार घेतली नाही. एवढंच.

“हा माहा गुन्हा. लिहून देल्ला,” ती म्हणाली. “याच्यावर शिक्का मारा.”

साहेबांनी कागदाला हात लावला नाही. काच नष्ट झालेली आहे, विषय संपला, ते म्हणाले.

“नष्ट नाई झाली,” कोकिळाबाई म्हणाली. “भेलेला माणूस फोडत नाई, लपवते. फोडाले छाती लागते. अन् फोडली असती तं तुमच्यासारख्यानं तिचाही कागद केला असता. पंचनामा दाखवा.”

पंचनामा नव्हता. साहेबांनी घंटी दाबली. शिपाई दारात आला, आतला रंग पाहिला आणि तिथंच थांबला.

इतका वेळ तानाबाई उभी होती. तिला कुणी खुर्ची दिली नव्हती. आता ती पुढं आली, खुर्ची ओढली आणि साहेबांच्या बरोब्बर समोर बसली. त्यांनी नजर चुकवली, खिडकीकडं नेली, फायलींकडं नेली. पण त्या डोळ्यांपासून तुम्ही नजर किती वेळ चुकवणार, साहेब? ते डोळे ह्या जिल्ह्यात एकावन्न वर्षं उघडे आहेत.

“माह्या बापाले ठाण्यात इचारलं होतं, कुठी हाय डाग,” तानाबाई म्हणाली. “त्याले दाखवता नाई आलं. आता मी तुमाले इचारून राह्यली, अन् तुमाले दाखवता येते. माही माय कोणत्या कपाटात ठेवली हाय तुमी? बोला. आमी बसलो हाओत.”